दोन्ही पाय हवेत

माझ्या थोरल्या भावाची लेक दिवाळीनंतर आमच्याकडं परभणीला राहायला आली ती पोलीस भरतीच्या तयारीसाठी. गावाकडं पळायला रस्ता आहे, पण पहाटे त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात आणि अंधार असतो. एकट्या पोरीला सोडायला भावाचं मन होईना. परभणीत निदान तिच्यासारख्या दहा-वीस जणी असतात आणि सोबतीला आत्या असते. तर आत्या म्हणून मी रोज पाचला उठून तिच्याबरोबर कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर जायला लागले. ती पळायची, मी तिचं जर्किन हातात धरून उभी राहायची. आठ दिवस अशी उभी राहिले. नवव्या दिवशी थंडी इतकी होती की उभं राहवेना, म्हणून मीही पळायला लागले.

ज्वारीच्या प्लॉटांपर्यंत पोचायच्या आतच थांबले.

हे मला नीट सांगायचं आहे, कारण त्या सकाळी जे झालं ते नुसतं दमणं नव्हतं. मी ४३ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा ११ किलोमीटरवर आहे आणि पावसाळा सोडला तर मी सायकलनं जाते-येते. सहा वर्षं झाली, रोजचे चोवीस सूर्यनमस्कार सहसा चुकत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले की कापूस वेचायला बायांच्या बरोबरीनं पात धरते. आषाढी वारीला निघालेली शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीहून दैठण्यावरून गंगाखेडला जाते, तेव्हा ती चाळीसेक किलोमीटरची वाट मी दोन दिवसांत तिच्यासोबत चालते आणि तिसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून शिकवते. आजवर कुणी तब्येत विचारली तर "ठणठणीत" म्हणताना मला कधी अडखळावं लागलं नव्हतं. त्याच शरीरानं दोनशे पावलांत हात टेकले.

छाती भरून आली. तोंडात लोखंडाची चव आली. उजव्या बरगडीखाली कुणी चिमटा घेऊन तसाच धरून ठेवावा अशी कळ. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. गुडघ्यांवर हात टेकून वाकले तर स्वतःच्याच श्वासाचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा कानात येत होता. भाची फेरी मारून आली, म्हणाली, "आत्या, काय झालं? चक्कर यायलीय का?" मी म्हणाले, "काही नाही, तू पळ." ती गेली आणि मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. ज्या शरीरावर माझा एवढा विश्वास होता, त्याच्यातली एक अख्खी खोली मला कधी उघडूनच दिसली नव्हती असं वाटलं.

पुढचा महिनाभर रोज प्रयत्न केला. सूर्यनमस्कार चोवीसाचे छत्तीस केले, वाटलं ताकद कमी पडत असेल. रोज तेवढ्याच अंतरावर, त्या प्लॉटांच्या अलीकडं, तीच कळ आणि तीच घरघर. शेवटी दवाखान्यात जाऊन तपासून घेतलं. हिमोग्लोबिन १२.६ निघालं, थायरॉईड ठीक, रक्तदाब ठीक. बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी बाया तशाच दिवसभर राबत असतात. हळू कामात ते झाकून राहतं. पळायला लागलं की उघडं पडतं, कारण पायांना एकदम जास्त प्राणवायू लागतो आणि तो वाहून न्यायला रक्तच पुरत नाही. पळायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येक बाईनं आधी ही तपासणी करावी, हे मी आता शाळेत येणाऱ्या आयांनाही आवर्जून सांगते. माझ्या बाबतीत मात्र कारण ते नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "खुशाल पळा."

पहिली उकल झाली ती एका काकांमुळं. डोक्याला मफलर बांधून ते रोज विद्यापीठाला मोठा वळसा घालतात, आणि इतके हळू पळतात की भरभर चालणारा माणूस त्यांच्या बरोबरीनं जाईल. एक दिवस मी कंबर धरून उभी होते तर माझ्यापाशी येऊन थांबले. म्हणाले, "मॅडम, इतक्या जोरात कशाला पळायलात? बोलता येईल इतकंच पळायचं. बोलणं तुटलं की समजायचं, जास्त झालं." एवढं बोलून गेले.

त्या दिवशी घरी येऊन मी हिशेब मांडला. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्याला २० गुण असतात, आणि सगळे हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे ताशी १७ किलोमीटर. मी भरभर चालते तेव्हा ताशी ६ किलोमीटर चालते. आणि पळताना माझी नजर भाचीच्या पाठीवर, म्हणजे मी पळत असणार अकरा-बाराच्या वेगानं. मधला, सात-आठचा जो पट्टा आहे, तो माझ्या पायांना माहीतच नव्हता. चालण्याचा वेग वाढवत नेला की ताशी सात किलोमीटरच्या आसपास शरीर आपोआप पळण्याकडं वळतं. त्याच्या खाली चालणं स्वस्त पडतं, बरंच वर गेलं की पळणं. तो सांधाच अवघड असतो आणि नवशिक्याला नेमकं त्या सांध्याच्या जरा वर, हळूहळू, खूप दिवस राहावं लागतं. वेग अंगाला झेपण्याच्या पुढं गेला की स्नायू प्राणवायूची वाट न बघता साखर जाळायला लागतात, श्वास फुलतो, आणि पाच मिनिटांत खेळ खलास.

मग मी पाढा म्हणत पळायला लागले. सोळाचा, कारण माझी चौथीची मुलं तिथंच अडतात. सोळा एके सोळा, सोळा दुणे बत्तीस. श्वास न तुटता पाढा पुढं सरकला तर वेग बरोबर. पहिल्या दिवशी "सोळा पंचे ऐंशी"ला आवाज फाटला. चालले, पुन्हा सुरुवात केली. चार दिवसांनी ज्वारीच्या प्लॉटांच्या पुढं गेले.

तरी पळणं जमलं असं वाटेना. श्वास थोडा आवरला, पण पायच पळायला तयार नव्हते. प्रत्येक पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं. भाची मागून बघून म्हणाली, "आत्या, तू पळत न्हाईस, घाईनं चालायलीस." तिचं बरोबर होतं. त्यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि मला माझा हंडा आठवला.

आमच्या गावच्या नदीत फेब्रुवारीनंतर वाळूच असायची. पाणी आणायचं ते मळ्यातल्या विहिरीवरून. नवव्या वर्षी माझ्या डोक्यावर घागर आली, बाराव्या वर्षी हंडा. जुन्या लुगड्याची चुंबळ आई स्वतः वळून द्यायची, आतून जरा सैल, बाहेरून घट्ट. हंडा उचलायचा तो गुडघ्यातून. मान सरळ, पण आवळायची नाही. डोळे पाच-सहा पावलं पुढं. पाऊल आपटायचं नाही, ठेवायचं. कमरेखालचं अंग हलेल, कमरेवरचं हलणार नाही. आई मागून चालायची आणि कान देऊन ऐकायची. "पाणी बोलायलंय गं," म्हणायची. हंड्यातलं पाणी डुचमळून आवाज करायला लागलं की तिच्या भाषेत ते बोलायला लागलेलं असायचं, आणि बोललेलं पाणी पुढच्या दहा पावलांत सांडायचं. पाणी गप्प ठेवून चालायला शिकले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. ते चालणं मी अजून विसरलेले नाही. रिकाम्या डोक्यानं चालतानाही माझी मान तशीच असते.

या चालण्यात फार मोठी करामत आहे. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायांवरचा एक अभ्यास आला होता. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं डोक्यावर घेऊन त्या चालल्या, तरी रिकाम्या चालण्यापेक्षा त्यांना जास्त शक्ती खर्च करावी लागत नव्हती. नंतरच्या अभ्यासांत सगळ्याच ओझं वाहणाऱ्या बायांच्या बाबतीत असं आढळलं नाही, पण त्या बायांची युक्ती काय ते पुढं कळलं. चालताना पाय उलट्या लंबकासारखा असतो. टेकलेल्या पायावरून अंग वर जातं आणि पुढं झुकतं, आणि उंचीतून मिळालेली शक्ती पुढच्या पावलाला मिळते. त्या बाया ही देवघेव इतरांपेक्षा कमी वाया घालवत करत होत्या. वाचलं तेव्हा मला आमच्या विहिरीची वाट दिसली.

आणि पळणं म्हणजे नेमकं याच्या उलट. ऑलिंपिकमध्ये चालण्याची शर्यत असते, तिचा नियम आहे की डोळ्यांना दिसेल असा एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही एकदम सुटलेले दिसले की पंच खूण करतात, आणि वारंवार घडलं तर चालणारा बाद. म्हणजे पळण्याची खरी ओळख वेगात नाहीच. प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो की खाली काहीच नसतं, दोन्ही पाय हवेत असतात. मग सगळं अंग एका पायावर उतरतं, वजनाच्या दुपटी-तिपटीचा भार घेऊन. माझं वजन ५८ किलो, म्हणजे एका पायावर जवळपास सव्वा ते पावणेदोन क्विंटल, किलोमीटरभरात हजारावर वेळा. तो भार टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी साठवते आणि पुढच्या उडीला परत देते. पळणारा माणूस तिच्या जिवावर पळतो. सायकलवर माझा भार सीटवर. कापसाच्या पातीत, वारीत, सूर्यनमस्कारात हात-पाय जमिनीला धरून. तीस वर्षं मी जे जे केलं त्यात पाणी सांडू द्यायचं नव्हतं. जमीन सोडायची सवय माझ्या एकाही स्नायूला नव्हती.

सवय मुद्दाम मोडलेलीही होती. दहा वर्षांची असेपर्यंत मी बांधावरून वासरामागं पळायची, भावाच्या पुढं असायची. मग एक दिवस आई म्हणाली, "धाडधाड पळू नकोस आता, घोड्यावाणी." आजी म्हणाली, भावकीतल्या काकू म्हणाल्या. शाळेत मुलांचा तास मैदानावर आणि आम्ही मुली वर्गात रांगोळीची चित्रं काढत बसलेल्या. कुणी रागावून बोललं नाही, कुणी मारलं नाही. बारा-तेरा वर्षांची झाले आणि पळणं आपोआप गळून गेलं, दुधाचे दात गळतात तसं.

भाची लेखी परीक्षेसाठी सामान्य ज्ञान वाचते, त्यामुळं आम्ही दोघींनी मिळून तिच्या ८०० मीटरचा इतिहास शोधला. बायकांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला झाली. जर्मनीच्या लीना राडकेनं ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यतीनंतर काही जणी दमून आडव्या झाल्या, जशा पुरुषांच्या शर्यतीनंतर पुरुष होतात. पण वर्तमानपत्रांनी ते असं रंगवलं की जणू बायांचा जीवच जात होता, आणि मग पुढची ३२ वर्षं, १९६० च्या रोमपर्यंत, ऑलिंपिकमध्ये बायांना २०० मीटरच्या पुढची शर्यत नव्हती. बायांची मॅरेथॉन आली १९८४ साली. मी तेव्हा तीन वर्षांची होते. भाची गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे धाडधाड पळू नकोस, हे सगळीकडंच म्हणायले व्हते."

तिच्या मोबाईलवर धावपटू अविनाश साबळेचा फोटो आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. घरापासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि पळण्याकडं त्यानंतर वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांचं रौप्यपदक, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. बीड जिल्ह्याच्या त्या कोरड्या माळावरून एक पोरगा असा निघतो, याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. पण त्याच्याकडं बघताना मला सारखं ते सहा किलोमीटर आठवतात. त्याच वयात मीही रोज तितकीच चालले असेन, माझ्या डोक्यावर हंडा होता.

जानेवारीत माझ्या नडग्या धरल्या. आतल्या बाजूनं, हाडाच्या कडेला, बोट लावलं तरी ओरडावं असं दुखणं. चूक माझी होती. पाढा जमायला लागला म्हणून मी आठवडाभरात अंतर दुप्पट केलं होतं. इतर व्यायाम करणाऱ्यांचं हेच होतं असं डॉक्टरांनी सांगितलं. हृदय आणि फुप्फुसं आधीपासून बरी असतात, ती काही आठवड्यांत पळण्याला तयार होतात. हाडं आणि शिरा मात्र महिनोन्‌महिने घेतात. मन म्हणतं अजून पळ, आणि नडगी मागं राहते. दोन आठवडे पळणं बंद. नंतर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं.

त्या बंदच्या दिवसांत एक जुनं दृश्य सारखं डोळ्यांपुढं यायचं. काही वर्षांपूर्वी माळशिरस तालुक्यात खुडूस फाट्यावर माऊलींच्या पालखीचं गोल रिंगण पाहिलं होतं. अश्व पळायच्या आधी पताकावाले पळतात, मग तुळशी घेतलेल्या बाया. साठी उलटलेल्या बाया, नऊवारी, डोक्यावर तुळशीवृंदावन, एक हात वर धरलेला, आणि त्या पळत होत्या. हसत पळत होत्या. डोक्यावर भार, पायाखाली चिखल, आणि दोन्ही पाय सुटलेले. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि सोडून दिलं. आता मात्र वाटायला लागलं की माझा हंड्याचा सिद्धांत कुठंतरी कच्चा आहे.

तो कच्चेपणा आईनं दाखवला. फेब्रुवारीत ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आली. संध्याकाळी मी गरम पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसले होते, ती पलंगावर वाती वळत होती. म्हणाली, "कशाला पळायलीस गं ह्या वयात? पाय बघ कसे झालेत." माझ्या तोंडून निघून गेलं, "लहानपणी पळू दिलं असतंस तर आता दुखले नसते." इतक्या वर्षांत मी तिला असं कधी बोलले नव्हते. ती वाती वळत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी कमी पळालेय व्हय?"

मग तिनं सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. बहात्तरच्या दुष्काळात ती तलावाच्या कामावर होती. माती उपसायची, पाटीनं वाहायची. खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आणि सुकडी, हे मी ऐकून होते. दादा तेव्हा सहा महिन्यांचा. कामावर सावलीला एक झाड नव्हतं म्हणून त्याला घरी सासूपाशी ठेवलेलं. "दुपारची सुट्टी झाली की मी पळत घरी यायची. पाजायची. अन् मुकादमानं हजेरी घ्यायच्या आत पळत माघारी." मी विचारलं, किती लांब होतं. "कोसभराला थोडं कमी आसंल." मी मनात किलोमीटर केले. जाऊन-येऊन पाचेक. रोज. अठराव्या वर्षी, मे महिन्याच्या दुपारी.

"दम नाही लागायचा?"

"लागायचा की. पण दूध भरून आल्यालं आसायचं. थांबलं की जास्त दुखायचं."

मी पाण्यातले पाय हलवले नाहीत. ती पुढं म्हणाली, "पायात काही नसायचं. फुफाटा आसा तापायचा. तापल्या फुफाट्यावर पाय ठिवूनच घ्यायचा न्हाई. टेकला की उचलायचा, टेकला की उचलायचा. लांब टांगा टाकल्या की भाजतंय. बारीक बारीक पावलं टाकायची."

"मग मला का पळू देत नव्हतीस?"

तिनं वळलेल्या वाती डब्यात ठेवल्या. म्हणाली, "मला वाटायचं, मपल्या लेकीवर पळायची पाळी यिऊ ने."

आत स्वयंपाकघरात भाची दुसऱ्या दिवशीसाठी हरभरे भिजत घालत होती. तिच्याही कानावर हे गेलं असणार, तिचा आवाज थांबला होता.

पहाटे आम्ही दोघी निघालो तेव्हा आई जागी होती. डोळ्याला हिरवी पट्टी, अंगावर गोधडी. दारापर्यंत आली, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, "बारीक पावलं टाक." विद्यापीठात ज्वारी काढून झाली होती, प्लॉटांत नुसती धसकटं उभी होती. मी बारीक पावलं टाकली. टेकला की उचलायचा. पाय कमी वेळ टिकत होता जमिनीवर, आवाज कमी होत होता, नडगी दुखत होती पण ओरडत नव्हती. प्लॉट मागं पडले तेव्हा सोळा नव्वेवर होते. मफलरवाले काका समोरून आले, त्यांनी हात वर केला, मीही केला. मागून भाचीच्या बुटांचा आवाज जवळ आला, शेजारून गेला, पुढं अंधारात लांब होत गेला. सोळाचा पाढा संपला होता आणि श्वास अजून तुटला नव्हता. मी सतराचा सुरू केला.